परतीच्या ताटातले शुभेच्छापत्र

मार्गशीर्ष महिना आपल्या घरांत गडबडीचा. गुरुवारचे घट मांडायचे, महालक्ष्मीची कहाणी वाचायची, पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा म्हणायचा, शेवटच्या गुरुवारी सुवासिनींना हळदीकुंकवाला बोलवायचे. ह्याच दिवसांत, इंग्रजी वर्ष सरता सरता, शेजारच्या ख्रिस्ती घराच्या दारावर कागदी तारा झळकू लागतो. कधीकधी तर दोन्ही सण पाठीला पाठ लावून येतात. २०२३ साली दत्तजयंती २६ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशी होती. अशा वर्षी एका दारातून सुंठवडा बाहेर पडतो आणि समोरच्या दारातून विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट आत येते. त्यात नेवऱ्या असतात, कलकल असतात, घर गोव्याकडचे असेल तर दोदोल आणि बेबिंकाही असते.

आता खरा प्रश्न पुढेच आहे. रिकामे ताट परत पाठवू नये, हा आपल्या घरांतील जुना दंडक. दिवाळीत आपले फराळाचे ताट त्यांच्याकडे गेले होते, त्याची ही फेड नव्हे. फेडीचा हिशेब शेजारधर्मात नसतो. तरीही ताट परत करताना त्यात काहीतरी घालावे लागते. पूर्वी चिमूटभर साखर घालून वेळ निभावत असे. परंतु ज्या घरी आधीच गोडाचे डबे भरलेले आहेत तेथे आणखी गोड काय पाठवावे? अशा वेळी घरच्या मुलाने स्वतःच्या हाताने केलेले एक शुभेच्छापत्र त्या ताटात ठेवावे, असे सुचवण्यासाठी हा लेखनप्रपंच. बाजारात छापील शुभेच्छापत्रे मिळतात, आणि भ्रमणध्वनीवर तर एका बोटाने शंभर घरी शुभेच्छा रवाना करता येतात. मग कात्री, डिंक आणि रंग घेऊन बसण्याचा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ह्या शुभेच्छापत्राच्या जन्मकथेतच दडलेले आहे, म्हणून थोडे इंग्लंडात जाऊन येऊ.

‘नाताळ’ हा आपला शब्द पोर्तुगीजांच्या ‘नाताल’वरून आला, नाताळचे शुभेच्छापत्र मात्र इंग्रजांचे. हेन्री कोल नावाचे एक उद्योगी गृहस्थ लंडनमध्ये राहत. १८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीत देशात कोठेही पत्र धाडण्याची सोय झाली. ती योजना रोलंड हिल ह्यांची. ती अमलात आणण्याच्या कामी कोल त्यांचे साहाय्यक होते. पुढे १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. नाताळात इष्टमित्रांना स्वहस्ते पत्रे लिहिण्याचा तेथे रिवाज होता. टपाल स्वस्त झाले तशी पत्रे वाढली, आणि पत्र आले की उत्तर देणे आलेच. कामाच्या व्यापात कोलसाहेबांना ते जमेना. तेव्हा १८४३ साली त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली ह्या चित्रकारमित्राकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या सुमारे हजार प्रती शिळाछापावर छापून घेतल्या. नाताळच्या शुभेच्छांचे ते पहिले छापील पत्र मानले जाते. डिकन्सची ‘अ ख्रिसमस कॅरल’ ही कथाही त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रसिद्ध झाली.

म्हणजे पाहा, शुभेच्छापत्राचा जन्म झाला तो पत्र लिहिण्याचे श्रम वाचावेत म्हणून! आजच्या एका बोटाच्या शुभेच्छांना नावे ठेवताना हे विसरून चालणार नाही. परंतु गंमत अशी की त्या काळी रंगीत छपाई सुलभ नव्हती. छापलेल्या काळ्या रेघांत रंग भरायचे ते कुंचल्यानेच, प्रत्येक प्रतीवर वेगळे. हात वाचवायला निघालेल्या त्या पत्राला शेवटी हातच लागला. किंमत होती एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्या. धाडायला एक पेनी आणि विकत घ्यायला बारा, असा तो व्यवहार; गोरगरिबांच्या आवाक्यातला नव्हेच.

त्या चित्राच्या दोन्ही बाजूंच्या चौकटींत भुकेल्यांना अन्न आणि उघड्यांना वस्त्र देण्याची दृश्ये होती. मधल्या मोठ्या चौकटीत भरले कुटुंब हातात मद्याचे पेले घेऊन पाहणाऱ्याला शुभ चिंतीत होते आणि त्यांतले एक लहान मूलही पेल्याला ओठ लावून होते! आपल्या वाचकांच्या भुवया येथे उंचावल्या असतील. तशा त्या इंग्लंडातील मद्यपाननिषेधाच्या पुरस्कर्त्यांच्याही उंचावल्या आणि कोलसाहेबांना बोल ऐकावे लागले. अन्नदान आणि वस्त्रदान बाजूला राहिले, लक्षात राहिला तो पेला. चित्र काढताना केवढे भान ठेवावे लागते हे त्या पहिल्याच पत्राने शिकवले म्हणायचे. त्यांतीलच एक प्रत कोलनी आपल्या आजीला आणि आत्याला धाडली होती. २००१ साली लिलावात तिला वीस हजार पौंडांहून अधिक किंमत आली.

कोलच्याही आधी हाताच्या शुभेच्छा होत्याच, आणि त्या मुलांच्या होत्या. इंग्लंडातील शाळांत नाताळच्या सुट्टीपूर्वी मुलांना वेलबुट्टीची चौकट छापलेला एक मोठा कागद मिळे. त्यावर वळणदार अक्षरात मजकूर लिहून तो आईवडिलांना नेऊन द्यायचा. वर्षभरात हस्ताक्षर किती सुधारले ह्याचा तो दाखला असे. आपल्याकडील पाटीपूजनाची आठवण व्हावी असा हा प्रकार. फरक इतकाच की येथे परीक्षक घरचेच.

पुढची हकीकत झरझर सांगता येईल. १८७० साली तेथे अर्ध्या पेनीत पत्ते धाडण्याची सोय झाली. रंगीत छपाई स्वस्त झाली. अमेरिकेत बॉस्टनच्या लुई प्रांग ह्यांनी सुंदर रंगीत पत्रे काढली. १८८० साली तर नाताळचे टपाल लवकर टाका, अशी विनवणी लोकांना करण्याची पाळी इंग्लंडच्या टपालखात्यावर आली. त्या पत्रांवर नेहमी दिसणारा लाल छातीचा रॉबिन पक्षी तेथे कसा आला? तेथील टपालवाल्यांचा गणवेश लाल असे आणि लोक त्यांना लाडाने ‘रॉबिन’ म्हणत. पत्रावर पत्र आणणाराच येऊन बसला, असे म्हणतात. आपल्याकडेही १८५४पासून अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागले होते. दिवाळीची शुभेच्छापत्रे, संक्रांतीला तिळाचे चार दाणे चिकटवलेली चिमुकली पत्रे आणि पाकिटाचे तोंड न चिकटवता ‘बुक पोस्ट’ लिहून ती स्वस्तात धाडण्याची खटपट वडीलधाऱ्या वाचकांना चांगली आठवत असेल.

छापील पत्रांचा असा पूर आला तरी हाताची पत्रे वाहून गेली नाहीत. पहिल्या महायुद्धातील रेशमी पत्रांची कथा ह्या संदर्भात सांगण्यासारखी आहे. १९१४ ते १९१८ ह्या काळात फ्रान्स आणि बेल्जियममधील बायका घरी बसून जाळीदार रेशमी पट्टीवर रंगीत धाग्यांनी फुले, निशाणे आणि शुभेच्छेचे दोन शब्द भरत. एका लांब पट्टीवर तेच चित्र पुन्हा पुन्हा भरायचे; मग त्या पट्ट्या कारखान्यात जात, तेथे त्यांचे तुकडे करून जाड कागदाच्या चौकटीत बसवीत. कित्येक पत्रांना रेशमाचा इवलासा खिसा असे आणि खिशात आणखी एक छोटी चिठ्ठी. खंदकातील शिपाई ही पत्रे विकत घेऊन आई, बायको किंवा बहिणीला धाडीत. नाताळसाठी तर हमखास. रेशीम मळू नये म्हणून ती बहुधा दुसऱ्या पत्राच्या पोटात घालून जात. भरणारी बाई कोण, हे घेणाऱ्याला ठाऊक नसे. धाडणारा परत येईल की नाही, हे कोणालाच ठाऊक नसे. टाके मात्र तेथे होते. अनेक इंग्रज घरांनी ती पत्रे पिढ्यान्‌पिढ्या जपली, आणि काही घरांत परतून आलेले तेवढेच काय ते उरले.

त्याच १९१४च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरी ह्यांच्या नावाने सैनिकांना पितळेची एकेक डबी भेट गेली. सर्वसाधारण डबीत तंबाखू आणि सिगारेटी होत्या. शीख शिपायांसाठी मात्र खडीसाखर आणि मसाल्याची डबी वेगळी काढली होती. सोबत शुभेच्छापत्र सर्वांनाच. राज्यकर्त्यांच्या इतर वागणुकीची चर्चा येथे नको, पण भेट देताना घेणाऱ्याचा आचार पाहावा, एवढे तरी त्या डबीत दिसते.

दुसरी कथा एका सात वर्षांच्या मुलीची. दुसऱ्या महायुद्धाने युरोप उद्‌ध्वस्त केला, तेव्हा तेथील मुलांना दूध आणि औषधे पुरवण्याचे काम युनिसेफ ह्या संस्थेने हाती घेतले. चेकोस्लोव्हाकियातील एका लहानशा गावालाही ती मदत पोहोचली. त्या गावच्या जित्का साम्कोवा ह्या मुलीने १९४९ साली आभार म्हणून एक चित्र काढले. खांबाभोवती फेर धरणारी मुले, एवढाच विषय. कागद मिळाला नाही म्हणून तिने ते काचेवर रंगवले होते! तेच चित्र युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र झाले, आणि पुढे अशा पत्रांच्या विक्रीतून जगभरच्या मुलांसाठी पैसा उभा राहिला.

आता आपल्या घरच्या चटईवर येऊ. साहित्य फारसे लागत नाही. पण क्रम चुकला की कागद वाया जातो. आधी पाकीट घ्यावे आणि मग त्याच्या मापाने पत्र कापावे. बहुतेक जण उलटे करतात आणि सुबक पत्र कोठल्याच पाकिटात मावत नाही म्हणून हिरमुसतात. घडी घातलेले पत्र पाकिटापेक्षा लांबी-रुंदीत तीन-चार मिलिमीटर कमी असावे. जाड कागदाला लाकडासारखा रेषा असतो. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो निमूटपणे वाकतो त्या बाजूने घडी घालावी, नाहीतर घडीवर कागद तडकतो. घडीच्या जागी पट्टी ठेवून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढावी, मग घडी घालून वर साधा कागद ठेवावा आणि चमच्याच्या पाठीने घासावे. दुकानातल्यासारखी धारदार घडी पडते.

चित्रासाठी स्वयंपाकघरात जावे. जून भेंडी आडवी कापली की बहुधा पाच पाकळ्यांचा ठसा मिळतो, आणि तोच बेथलेहेमचा तारा होतो! कापलेला भाग आधी फडक्याने कोरडा करावा, कारण भेंडीची तार रंगात उतरली की ठसा फुटतो. बटाट्याचेही तसेच; अर्धा करून त्यावर हवा तो आकार कोरावा आणि सुटलेले पाणी टिपून घेतल्यावरच रंग लावावा. रंग दाट हवा. पातळ रंगाने कागदाला पोपडे येतात.

ख्रिस्ती घरांत सजवायचे सूचिपर्णी झाड आपल्या किनाऱ्यावर कोठून मिळणार? वसईकडे आणि गोव्यात कित्येक घरे सुरूच्या फांदीवर ती हौस भागवतात. त्या सुरूची एक डहाळी गडद रंगाच्या कागदावर ठेवावी, जुना दात घासायचा ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून झटकावा आणि कंगव्यावरून घासून त्याचे तुषार उडवावेत. डहाळी उचलली की तिची सावली मागे राहते. हा उद्योग मात्र गॅलरीत, वर्तमानपत्र पसरून करावा. घरातील भिंतींना नाताळ लागला तर आईच्या रागाला लेखक जबाबदार नाही.

चॉकलेटवरची चांदी नखाने गुळगुळीत करून ताऱ्यासाठी वापरता येते. विरलेल्या साडीचा जरीचा काठ दोन बोटे कापून पत्राच्या कडेला लावला तर फार शोभून दिसतो. बाजारची चमकी मात्र शक्यतो नको. ती प्लॅस्टिकची असते, पत्रावरून निसटून आठवडाभर घरभर फिरते आणि शेवटी आमटीत सापडते. चिकटवायला मैद्याची खळ चालते. पण ती पातळ झाली की कागद फुगतो. म्हणून खळ अगदी थोडी लावावी आणि पत्र कोऱ्या कागदात घालून रात्रभर पाटाखाली ठेवावे, पाटावर वरवंटा.

चित्र कशाचे काढावे, ह्याबद्दल दोन शब्द अधिक हवेत. आपली मुले पटकन बर्फ, हरणांची गाडी आणि लाल डगल्यातील सांताक्लॉज काढतात. शेजाऱ्यांना तेही गोड वाटेल. पण सण ज्या कथेचा आहे ती कथा एकदा मुलांना सांगावी. लूकच्या शुभवर्तमानात नवजात बाळाला गव्हाणीत निजवल्याचे आणि रानातील मेंढपाळांना ती वार्ता कळल्याचे वर्णन आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात तारा आहे आणि पूर्वेकडून आलेले ज्ञानी लोक आहेत. त्यांनी आणलेल्या भेटींत सोने आहे, गंधरस आहे आणि चक्क आपल्या देवघरातला ऊद आहे. ते तीन होते असे मूळ ग्रंथात नाही. भेटी तीन म्हणून परंपरेने माणसे तीन धरली आणि पुढे त्यांचे राजे झाले. गोठ्यातला बैल आणि गाढवही मूळ कथेत नाहीत, ती परंपरेची भर. इटलीत संत फ्रान्सिस ह्यांनी १२२३ साली ग्रेच्चो गावी जनावरांसह गोठ्याचा देखावा मांडला, आणि घरोघरी गोठा मांडण्याच्या प्रथेला तेव्हापासून बळ आले.

गोठा, जनावरे आणि मध्ये तान्हे बाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे गोकुळ उभे राहते. ते स्वाभाविक आहे, त्यात वावगे काही नाही. मात्र चित्रातल्या बाळाच्या केसांत मोरपीस खोवू नये. शेजाऱ्याच्या देवाला आपल्या देवाचा वेष घालणे हा सन्मान आहे असे आपल्याला वाटते, पण पत्र घेणाऱ्याला तसे वाटेलच असे नाही. हवे तर त्यांच्याच माणसांकडे पाहावे. गोव्यात १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका हे ख्रिस्ती चित्रकार शांतिनिकेतनात शिकले, पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिले आणि १९६७ साली निवर्तले. त्यांची मरियामाता साडी नेसलेली आहे, चेहऱ्यामोहऱ्याने आपल्याच गावातली आहे. त्यांची बरीच चित्रे गोव्यात पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहेत. आणि ही कथा मराठीत आली तीही आजकाल नव्हे. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज पाद्र्याने ओवीबद्ध रचलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. तेव्हा पत्रावर मराठीत ‘नाताळच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहिण्यात संकोच कसला? मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहावे. काना-मात्रा चुकली तर शेजारी बसून दुरुस्त करावी, पण आपण लिहून देऊ नये. मागच्या बाजूला वर्ष जरूर घालावे.

जाता जाता एक घरची आठवण. आमच्या वाड्यात समोरच्या खोलीत एक निवृत्त ख्रिस्ती शिक्षिका एकट्याच राहत. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणत असू. दर २४ डिसेंबरला संध्याकाळी त्यांचे ताट येई. एके वर्षी ते नेहमीप्रमाणे आले आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे आमची आजी गेली. घरात सुतक. गोडाधोडाचे नाव नाही आणि आमच्या घरचे काही कोणाला द्यायचेही नाही. बाई येऊन आईचा हात धरून बसून गेल्या. त्यांनी त्या दिवशी आपल्या दारावरचा तारा लावलाच नाही. त्यांचे पितळी ताट आमच्या कोनाड्यात तसेच पालथे राहिले. आईला त्याचाही घोर लागे, सणाचे ताट अडकून पडले म्हणून.

आजीचा तेरावा ६ जानेवारीला आला. तोवर माझ्या धाकट्या बहिणीने, ती तेव्हा नऊ वर्षांची होती, वहीच्या पुठ्ठ्यावर एक तारा चिकटवून ठेवला होता. बाईंनीच कधीतरी दिलेल्या चॉकलेटची ती चांदी. खाली ‘नाताळच्या शुभेच्छा, उशीर झाला’ एवढेच. संध्याकाळी आईने ताट घासून त्यात ते पत्र ठेवले आणि आम्हां दोघांना पाठवले. उशीर कसला, बाई म्हणाल्या, आज तीन राजांचा सण, आमचा नाताळ आज पुरा होतो. त्यांनी गोठा अजून उचलला नव्हता. त्यातल्या मातीच्या तीन राजांना थोडे सरकवून त्यांनी तो पुठ्ठा मागे टेकवून उभा केला, आणि मग कपाटातून काडेपेटी काढून दारावरच्या ताऱ्यात दिवा लावायला गेल्या.